‘सिंहासन’ चौथ्या नंबरला का लावला, ते सांगते

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही वाचकांना विचारलं होतं की तुमच्या आवडत्या दिग्दर्शकाचे पिक्चर पहिल्या नंबरपासून शेवटच्यापर्यंत लावा आणि का लावले ते लिहा. मी ते कात्रण फ्रिजवर लावून ठेवलं होतं, आठ दिवस येता जाता बघत होते, आणि नाव एकच डोक्यात येत होतं, डॉ. जब्बार पटेल. मग घरात सगळ्यांना सांगून टाकलं की मी लिहिणार आहे आणि तिथंच भांडण सुरू झालं, कारण मी ‘सिंहासन’ चौथ्या नंबरला टाकला आणि आमचा धाकटा भाऊ, जो आयुष्यभर कुठल्या ना कुठल्या निवडणुकीत बूथवर बसलाय, तो म्हणाला ताई तुला पिक्चर कळत नाही. दोन दिवस फोनवर वाद चालू होता. म्हणून हे पत्र जरा लांबलंय, छापताना कापायचं असेल तर बाकी काहीही कापा, ‘उंबरठा’चं मात्र कापू नका ही विनंती.

आधी लिस्ट सांगून टाकते म्हणजे कुणाला शोधत बसायला नको. एक उंबरठा, दोन सामना, तीन जैत रे जैत, चार सिंहासन, पाच एक होता विदूषक, सहा डॉ. बाबासाहेब आंबेडकर, सात मुक्ता आणि आठ यशवंतराव चव्हाण यांच्यावरचा. हिंदीतलं काम आणि डॉक्युमेंटऱ्या मी यात धरलेल्या नाहीत, नाटकं तर नाहीच नाही, ‘घाशीराम’ धरलं असतं तर मग सगळंच गणित बदललं असतं.

आता ‘सिंहासन’च घेते, कारण शिव्या त्यावरूनच पडणार आहेत. १९७९ चा पिक्चर, अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्या एकत्र करून तेंडुलकरांनी पटकथा लिहिली, आणि एवढी माणसं, एवढी पात्रं, मंत्री, आमदार, कामगार पुढारी, पत्रकार, स्मगलर, सगळे एका अडीच तासात बसवले आणि एकाचंही तोंड आपण विसरत नाही, हे काम सोपं नाही हे मला मान्य आहे. अरुण सरनाईकांचा मुख्यमंत्री बघा, तोपर्यंत गाणी म्हणणारा देखणा हिरो म्हणून लोकांना माहीत असलेला माणूस, आणि इथं नुसता बसल्या बसल्या समोरच्याला जोखतोय. सतीश दुभाषींचा कामगार पुढारी डिकास्टा. रीमाताई किती लहान दिसतात. आणि निळूभाऊंचा दिगू टिपणीस, खांदे पडलेला, सगळं माहीत असलेला आणि काहीच करू न शकणारा पत्रकार, शेवटी तो जो हसत सुटतो ते हसणं मी सतराव्या वर्षी ऐकलं तेव्हा मला रात्री झोप लागली नव्हती. तेव्हा मला कुणी विचारलं असतं तर मीही एक नंबरच दिला असता.

मग आता चौथा का? तर माझं म्हणणं असं आहे की गेली कित्येक वर्षं आपण ‘सिंहासन’ पिक्चर म्हणून बघतच नाही, बातमी म्हणून बघतो. राज्यात सरकार हललं की ह्याचे तुकडे व्हॉट्सॲपवर फिरायला लागतात, बघा त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं, अगदी असंच झालं, वगैरे. माझ्या भावाचा सगळा मुद्दा तोच होता, ताई आजही तेच चाललंय. अरे पण आजही तेच चाललंय यात मोठेपणा पिक्चरचा किती आणि आपला नालायकपणा किती? उद्या समजा राजकारण सुधारलं, तर ‘सिंहासन’ वाईट पिक्चर होणार का? तर नाही. मग मोजायचं दुसऱ्या मापानं. माझं माप असं आहे की पिक्चर संपल्यावर त्यातलं एक तरी माणूस माझ्याबरोबर घरी आलं पाहिजे, माझ्या स्वयंपाकघरात उभं राहिलं पाहिजे. ‘सिंहासन’मधून एकटा दिगू येतो. बाकीचे सगळे बुद्धिबळातली प्यादी आहेत, उत्तम कोरलेली, पण खेळ संपला की डब्यात जातात.

आणि एक गोष्ट जी मला फार वर्षांनी लक्षात आली ती इथेच सांगते. ‘सामना’मध्ये निळू फुले सत्ताधीश, हिंदुराव धोंडे पाटील, आणि डॉ. लागू हे कफल्लक, दारू पिणारे, कुठून आले कुठे चालले पत्ता नसलेले मास्तर. चार वर्षांनी ‘सिंहासन’मध्ये नेमकं उलटं, लागू खुर्चीसाठी झुरणारे अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे आणि निळूभाऊ हातात पेन सोडून काही नसलेला दिगू. एकाच दिग्दर्शकानं दोघांच्या खुर्च्या बदलल्या आणि दोन्हीकडे दोघंही खरे वाटले. नटाचा चेहरा बघून त्याला ठरावीक भूमिका देणारे दिग्दर्शक पुष्कळ असतात, ह्यांनी चेहऱ्याच्या आतलं बघितलं. डॉ. पटेल मूळचे लहान मुलांचे डॉक्टर, दौंडला त्यांचा दवाखाना होता, पत्नीही डॉक्टर. मला नेहमी वाटतं त्यांच्या बघण्याचं मूळ तिथं असणार. लहान मूल सांगू शकत नाही कुठं दुखतंय ते, आई सांगते ते अर्धं चूक असतं, डॉक्टरला स्वतःच बघून ओळखावं लागतं. त्यांच्या पिक्चरमध्ये माणूस गप्प बसलेला असतो तेव्हा कॅमेरा तसा बघत असतो.

‘सामना’ दोन नंबरला. १९७५ चा, पहिलाच पिक्चर, निर्माते रामदास फुटाणे, लेखक तेंडुलकर, संगीत भास्कर चंदावरकर, आणि त्याच वर्षी बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत गेला. हे सगळं वाचकांना माहीत असेल, मला माझ्या घरातलं सांगायचंय. आमचे अण्णा एका साखर कारखान्यात काट्यावर क्लार्क होते. उसाची गाडी आली की वजन करायचं आणि पावती फाडायची, तीस वर्षं तेच. टीव्हीवर ‘सामना’ लागला तेव्हा आमच्या घरी नुकताच टीव्ही आला होता आणि वाड्यातली पंधरावीस माणसं दाटीवाटीनं बसली होती. अण्णा बनियनवर खुर्चीत बसले होते. हिंदुराव पडद्यावर आला, ती टोपी, ते धोतर, तो खालच्या पट्टीतला आवाज, आणि अण्णा खुर्चीतून उठले, आत गेले आणि शर्ट घालून परत येऊन बसले. कुणी काही म्हणालं नाही. आईनं माझ्याकडे बघितलं फक्त. मला आज एवढी समीक्षा वाचूनही ‘सामना’बद्दल त्याच्यापेक्षा जास्त सांगणारं काही सापडलेलं नाही. घरातल्या टीव्हीत चेअरमन आला म्हणून माणसानं उठून शर्ट घालावा, इतका तो माणूस खरा होता.

आणि अण्णांना हिंदुराव वाईट वाटला नव्हता हेही सांगितलं पाहिजे. ते म्हणाले, त्यानं गावाला कारखाना दिला ना. हेच तर त्या पिक्चरचं आहे. कारखाना, पोल्ट्री, गावातली कामं, सगळं त्या एका माणसानं उभं केलंय आणि त्याच माणसाच्या पायाखाली मारुती कांबळे नावाचा एक माणूस गाडला गेलाय. मास्तर विचारत राहतो, मारुती कांबळेचं काय झालं. हिंदुराव त्याला जेवू घालतो, पाजतो, पाहुणा करून ठेवतो, आणि तो पुन्हा तेच विचारतो. शहरातल्या लोकांना तो प्रश्न डायलॉग म्हणून पाठ आहे, भाषणात वापरतात. आमच्याकडं ऊसपट्ट्यात तो प्रश्न मोठ्यानं विचारायला काय लागतं ते आम्हाला माहितीय. माझ्या माहितीतल्या एकानं वजनकाट्यावरून असाच एक प्रश्न मीटिंगमध्ये उभं राहून विचारला होता, पुढच्या सीझनला त्याच्या उसाला तोड आली नाही, फडात उभा ऊस वाळला. एवढंच.

मग ‘सामना’ पहिला का नाही, तर त्यात बाई नाही. म्हणजे आहेत, स्मिता पाटील पण आहे छोट्याशा कामात, पण गोष्ट दोन पुरुषांची आहे, दोघंच बोलतात, दोघंच जिंकतात आणि हरतात. मला ते खटकतं. तेव्हा नाही खटकलं, आता खटकतं.

‘जैत रे जैत’ तीनला टाकला यावर माझ्या मुलीनं पण तक्रार केली, ती म्हणते आई तो म्युझिक व्हिडिओ आहे. गोनीदांची कादंबरी, महानोरांची गाणी, हृदयनाथांचं संगीत, उषा मंगेशकरांनी निर्मिती केलेली, आणि गाणी इतकी की मोजताना चुकतात, त्यामुळे लोक कॅसेट ऐकतात आणि पिक्चर बघतच नाहीत. बघा एकदा नीट. नाग्या, म्हणजे आपले मोहन आगाशे, लहानपणापासून पुण्यवंत व्हायचं वेड, आणि लिंगोबाच्या डोंगरावरच्या राणीमाशीनं त्याचा डोळा घेतला म्हणून देवावरच रुसून बसलेला, तिला तिथून हाकलायचंच म्हणून पेटलेला ठाकर. आणि चिंधी, म्हणजे स्मिता पाटील. नवरा नको म्हणून उघड सोडून आलेली, आपल्याला कोण पाहिजे ते स्वतः सांगणारी. १९७७ सालात मराठी पिक्चरमध्ये अशी बाई कुठं होती सांगा. नाग्या जिंकतो, पण जिंकतो तेव्हा चिंधी नसते. जैत म्हणजे विजय, आणि शेवटी ते गाणं ऐकताना विजयाचा काटा अंगावर येतो.

माझी पहिली काही वर्षं नोकरी रायगड जिल्ह्यात झाली, त्याबद्दल पुढे सांगते, तिथं आमच्याकडे ठाकरवाडीतली एक मुलगी होती, पंधरासोळा वर्षांची. टीव्हीवर हा पिक्चर लागला होता तेव्हा सगळ्या मुली गाण्याला टाळ्या वाजवत होत्या आणि ही एकटी गुडघ्यावर हनुवटी ठेवून स्मिताच्या लुगड्याकडे बघत होती. म्हणाली, मॅडम, ही माझ्या आजीसारखं नेसलीय, गाठ पण तिथंच मारलीय. बाकी पिक्चरबद्दल ती एक शब्द बोलली नाही. मला तेवढं पुरलं.

‘एक होता विदूषक’ पाचवा. याच्याबद्दल मला खरंच वाईट वाटतं. पुलंनी इतक्या वर्षांनी पिक्चर लिहिला, लक्ष्मीकांत बेर्डेंनी जीव ओतला, तमाशातला सोंगाड्या आबूराव सिनेमात स्टार होतो, मग पुढारी त्याला हाताशी धरतात आणि त्याचं हसवणं हळूहळू दुसऱ्यांच्या कामाला लागतं. लोक थेटरात आले ते हसायला, आणि लक्ष्मीकांत हसवत नाही म्हटल्यावर उठून गेले. मी १९९२-९३ ला बघितला तेव्हा इंटर्व्हलनंतर माझ्या रांगेत मी आणि माझे मिस्टर दोघंच उरलो होतो. तमाशाचा सगळा भाग सोनं आहे, लक्ष्मीबाई कोल्हापूरकरांना त्यातल्या नृत्यांसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, मधू कांबीकर तर डोळ्यापुढून हलत नाहीत. पण पिक्चर मुंबईत आला की ढिला पडतो, सिनेमावाले आणि राजकारणी सगळे एकाच साच्यातले वाटायला लागतात, ज्या माणसानं ‘सिंहासन’ काढला त्याच्या हातून पुढारी असे सपाट यावेत हे कळत नाही मला. शेवटी आबूराव त्या लहान मुलीपुढं बसतो तो भाग मात्र मी कधीही लावून बघते. लक्ष्मीकांतला आपण माणूस म्हणून कधी बघितलंच नाही, त्या दहा मिनिटांत तो दिसतो. एवढ्या दहा मिनिटांसाठी मी हा चौथा लावणार होते, भाऊ आणखी चिडला असता म्हणून नाही, तर मधला तास फार ताणलाय म्हणून पाचवा.

‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ सहावा लावताना हात अडखळला, ते खरं सांगते, कारण विषयापुढे नंबर लावणं बरं वाटत नाही. पण आपण पिक्चरला नंबर देतोय, बाबासाहेबांना नाही. मामुटींचं काम असं आहे की त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेव्हा कुणाला आश्चर्य वाटलं नाही, आणि मोहन गोखल्यांनी केलेले गांधीजी मला फार आवडले, दोन मोठी माणसं समोरासमोर बसून एकमेकांना पटवू शकत नाहीत तो अवघडलेपणा तिथं आहे. नितीन देसाईंनी तो काळ उभा केलाय तो पण बघत राहावा. अडचण एवढीच की आयुष्य मोठं आणि पिक्चर तीन तासांचा, त्यामुळे एका प्रसंगातून दुसऱ्या प्रसंगात धावत जावं लागतं, रमाबाईंजवळ कॅमेरा थांबायला पाहिजे होता तितका थांबत नाही. तरी १४ एप्रिलला आमच्या गल्लीत पडदा लावून दाखवतात तेव्हा मी शेवटपर्यंत बसते, आणि आजूबाजूच्या बायका बसतात, लहान पोरं मांडीवर झोपलेली, बायका जाग्या.

‘मुक्ता’ सातवा. १९९४, सोनाली कुलकर्णी, राष्ट्रीय एकात्मतेचा पुरस्कार मिळालेला. हेतू चांगला, जातीवर बोलायची हिंमत आहे, पण माणसं बोलताना भाषण करतात. गाणी सुंदर. यशवंतरावांवरचा २०१४ चा आठवा, अशोक लोखंडे दिसतात हुबेहूब, पण बखर ती बखरच, तारखा येतात, माणूस येत नाही. कऱ्हाडचे आमचे नातेवाईक माझ्यावर रागावतील, रागावू देत.

काही वाचक म्हणतील की वरचे चांगले सगळे पिक्चर तेंडुलकरांचे आहेत, जब्बार पटेलांचे नाहीत. हे मी कॉलेजात असल्यापासून ऐकतेय. तेंडुलकरांची लेखणी म्हणजे काय हे मला कुणी सांगायला नको, पण ‘जैत रे जैत’ त्यांचा नाही, ‘विदूषक’ पुलंचा आहे, आणि कागदावरचा मास्तर आणि पडद्यावरचा मास्तर यात जे अंतर आहे ते कुणीतरी चालून गेलंय ना? गाणी कुठं ठेवायची, कुठं नाही, सुरेश भटांची ओळ कुठल्या चेहऱ्यावर येणार, हे कोण ठरवतं? बस.

आता ‘उंबरठा’.

मी पहिल्यांदा बघितला १९८२ ला, वीस वर्षांची होते, सांगलीला मावशीबरोबर. शांता निसळांच्या ‘बेघर’ कादंबरीवरचा, हे पाटीवर वाचून मावशी म्हणाली ही कादंबरी मी वाचलीय चल. तेव्हा काय आवडलं, तर स्मिता पाटील आवडली, तिच्या साड्या, सुती, काठाच्या, आणि लताबाईंची गाणी. सुलभा महाजन, चांगल्या घरातली सून, वकील नवरा, सासूबाई समाजकार्यातल्या नावाजलेल्या, लहान मुलगी, आणि ही म्हणते मला काम करायचंय, आणि संगमवाडीच्या महिला आश्रमात अधीक्षिका म्हणून जाते. मावशी येताना रिक्षात म्हणाली, पोरीला सोडून कशाला जायचं. मी काही बोलले नाही, मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं.

चार वर्षांनी मी परीक्षा दिली आणि मला नोकरी लागली, रायगड जिल्ह्यात, निराधार बायका आणि मुलींच्या एका वसतिगृहात. आधी मदतनीस म्हणून, मग पुढे अधीक्षिका. संस्थेचं नाव लिहीत नाही, आता तिथं दुसरे लोक आहेत. पहिल्या दिवशी माझ्या हातात किल्ल्यांचा जुडगा दिला, सतरा किल्ल्या, आणि एक हजेरीचं रजिस्टर, आणि सांगितलं की रोज संध्याकाळी सहाला प्रार्थना, तेव्हा डोकी मोजायची. मी पहिल्या प्रार्थनेला उभी राहिले, समोर ओळीत चाळीसबेचाळीस बायका मुली हात जोडून, आणि एकदम आठवलं, अरे हे मी बघितलंय. ‘गगन सदन तेजोमय’, वसंत बापटांचं, पिक्चरमध्ये आश्रमातल्या बायका म्हणतात ते. थेटरात मला ते सुंदर गाणं वाटलं होतं. इथं मी डोकी मोजत होते.

मग हळूहळू सगळा पिक्चर भेटायला लागला. कमिटीचे लोक भेटीला येणार असले की आदल्या दिवशी कपाटातून नव्या चादरी निघायच्या, निळ्या, कडेला पांढरी पट्टी, सगळ्या खाटांवर अंथरायच्या, डाळीत त्या दिवशी डाळ असायची. साहेब लोक चहा पिऊन गाडीत बसले की तासाभरात चादरी परत घडी घालून कपाटात, कुलूप, किल्ली माझ्या जुडग्यात. मी पहिल्या वर्षी विचारलं की ह्या वापरायला का द्यायच्या नाहीत, तर उत्तर मिळालं, खराब होतील. दुसऱ्या वर्षी मी चादरी परत काढल्याच नाहीत, राहू दिल्या, त्याच्यावरून मला लेखी खुलासा द्यावा लागला, दोन पानी, चादरींबद्दल. त्या रात्री मला सुलभाची चौकशी आठवली. पिक्चर बघताना वाटलं होतं की काहीतरी भयंकर गुन्हा असेल तर चौकशी होते. तसं नसतं. तुम्ही व्यवस्थेला विचारलं की हे असं का, की चौकशी होते, आणि विचारणारे सगळे फार सभ्य बोलतात. ‘उंबरठा’त ते सगळं आहे, ओरडाआरडा नाही, कुणी खलनायक मिशीला पीळ देत नाही, बाहेरचे मोठे लोक आणि आतली व्यवस्था यांचं साटंलोटं आहे आणि वर समाजसेवेचा इस्त्री केलेला पदर आहे. हे कुठल्या तरी आश्रमात जाऊन, बसून, बघून आल्याशिवाय करता येत नाही.

दोन बायकांमधल्या प्रेमाचा भाग पण त्यात आहे, १९८२ मध्ये, मराठीत. आज बघताना त्याची हाताळणी जुनाट वाटते, सुलभालाही ते नीट कळलेलं नाही, पण आमच्याकडे असं झालं तेव्हा मलाही कुठं कळलं होतं? पिक्चरनं निदान नजर फिरवली नाही. कमिटीनं फिरवली असती.

आणि घर. माझी मुलगी तीन वर्षांची असल्यापासून माझ्याबरोबर क्वार्टरमध्ये राहायची, मिस्टरांची नोकरी मिरजेला, ते शनिवारी रात्री यायचे रविवारी जायचे. मुलगी दिवसभर त्या मुलींच्यात, आणि सगळ्या मला मॅडम म्हणतात म्हणून ती पण मला मॅडम म्हणायला लागली. मॅडम भूक लागली. मॅडम वेणी घाला. सगळ्या हसायच्या, मी पण हसायचे, आणि रात्री तिला झोपवताना तिच्या तोंडून आई काढून घ्यायचे, म्हण आई, म्हण. सुलभा सुट्टीत घरी येते आणि मुलगी तिच्याकडे परक्यासारखी बघते, तो सीन मला नंतर बघवत नव्हता, मी उठून पाणी प्यायला जायचे. माझं नशीब की माझे मिस्टर सुभाष महाजन नव्हते. पण सुभाषही वाईट नाही हो, हेच तर कठीण आहे, गिरीश कर्नाडांनी त्याला इतका समजूतदार केलाय की त्याच्यावर नीट रागावताही येत नाही. तो शांतपणे सांगतो की तू नव्हतीस तेव्हा दुसरी कोणीतरी आली. सांगतो म्हणजे लपवत नाही, म्हणजे प्रामाणिक, आणि तिनं ते मोठ्या मनानं समजून घ्यावं आणि राहावं. ती राहत नाही.

माझा भाऊ म्हणतो उंबरठा बायकांचा पिक्चर आहे. त्याला मी एवढंच विचारलं की ‘सामना’ आणि ‘सिंहासन’ला तू पुरुषांचा पिक्चर का म्हणत नाहीस. सत्ता काय फक्त मंत्रालयात असते का, जेवणाच्या टेबलावर नसते? आश्रमाच्या कमिटीत नसते? मुलीनं आई कुणाला म्हणायचं ह्याच्यात नसते? ‘सिंहासन’मध्ये सत्ता बघायला वर बघावं लागतं. ‘उंबरठा’त ती शेजारी बसलेली असते, भाजी वाढत असते. आणि दिगू सगळं कळून वेडा होतो, सुलभा सगळं कळून बॅग भरते. मला दुसरं जास्त कठीण वाटतं, म्हणून तो पहिला.

१९९४ च्या दिवाळीत, घरी कुणी न्यायला न आलेल्या तेरा जणी वसतिगृहात राहिल्या होत्या. मी गावातून व्हीसीआर भाड्यानं आणला आणि चार कॅसेट. त्यांनी आधी दोन हिंदी मारामारीचे बघितले, मग रात्री दहाला मी ‘उंबरठा’ लावला, म्हटलं ज्याला झोप आली त्यानं झोपा. कुणी झोपलं नाही. आश्रमाचे सीन आले की आपापसात कुजबुज, प्रार्थना आली तेव्हा दोघींनी नकळत हात जोडले. शेवटी सुलभा घर सोडून निघते, ट्रेनमध्ये बसलेली दिसते, आणि संपतं. खोलीत पडद्याचा निळा उजेड, कुणी उठून टीव्ही बंद करेना. मग एकीनं विचारलं, मॅडम, मग ती कुठं गेली? मी म्हटलं ते पिक्चरमध्ये सांगितलं नाही. तिला ते पटलं नाही, म्हणाली असं कसं, तिकीट कुठलं काढलं असेल ना. तेव्हा खिडकीजवळ बसलेली ठाकरवाडीची ती मुलगी, आता तेवीसचोवीसची झालेली, स्वयंपाकघरात कामाला लागलेली, ती लसूण सोलता सोलता म्हणाली, दुसऱ्या वसतिगृहावर गेली असंल, तिथं पण बायका असतीलच की.

आपली एक वाचक,
निवृत्त अधीक्षिका, मिरज